नारळाचे काळीज

बेटमा गावात महाराजांच्या मांडवावर सकाळचे ऊन आले ते कुणाचा नवस नसताना, रोजच्यासारखे: आधी कनातीच्या दोरांवर, मग रांगेतल्या ओल्या केसांवर, मग पितळी ताटांच्या कडांवर, आणि शेवटी, फार सावकाश, मानसच्या मांडीवरल्या नारळाच्या शेंडीवर. तो त्या उन्हाकडेच पाहत राहिला. समोर पाहण्याचे धैर्य त्याला नव्हते.

अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच्या हृदयाच्या आतल्या भिंतीत जन्मापासूनचे छिद्र सापडले होते. शहरात, पलासियातल्या इस्पितळातल्या डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते: मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, सोनोग्राफीत पाहत पाहत छिद्रावर चकती बसवायची, उशीर केला तर फुप्फुसे बिघडतील. तारीख सोमवारची होती. ती रद्द करायची का, हे आज महाराज सांगणार होते. आई सुहासिनीबाईंची श्रद्धा होती. मानसची नव्हती, पण त्याला सुईची भीती होती, आणि श्रद्धेला सुई नसते.

महाराजांचीही सोनोग्राफी होती, दिव्य. अकरा गुरुवारांपूर्वी त्यांनी यंत्राची चंदन लावलेली मूठ मानसच्या छातीवर टेकवली, तेव्हा पडद्यावर छिद्र दिसले होते. आज त्या जागी एक लख्ख रेघ होती.

"ये देखो भक्तों, गुरुकृपेची मोहर. ऑपरेशन कॅन्सल."

मांडव गहिवरला. आईने डोळे पुसले. खात्री पटावी म्हणून तिने मानसच्या आत्येबहिणीलाही आणले होते. शलाकाताई हृदयाच्या सोनोग्राफीची डॉक्टर. ती त्या मोहरेकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग तिने मूठ अलगद उचलली आणि मानसच्या नारळावर टेकवली.

पडद्यावरचे हृदय धडधडतच राहिले.

पहिल्या रांगेतल्या गंगूबाईंनी शांतपणे विचारले, "नारळालाही काळीज असतं का हो?"

"सब में आत्मा है, माताजी," महाराज म्हणाले.

"आत्मा असेल," शलाकाताई म्हणाली, "पण नारळाच्या काळजात चकती कुणी बसवली, महाराजजी? ही रेघ चकतीची आहे."

तिने यंत्रावर पांघरलेले भगवे वस्त्र बाजूला केले. खाली लॅपटॉप होता, त्यात कुणा रुग्णाची दोन चित्रणे: ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे. जे ऑपरेशन महाराज रद्द करवत होते, तेच त्यांचा चमत्कार होते.

चमत्कार आधी नारळावर तपासावा. माणसाची पाळी नंतर.

दुपारी पलासियातल्या इस्पितळात थंड जेल छातीवर पसरले. ताई म्हणाली, श्वास रोख; त्याने रोखला, आणि पडद्यावरचे चित्र बदलले; हे त्याचेच हृदय होते. मानसने प्रथमच समोर पाहिले. अकरा गुरुवार तो घराच्या जिन्याच्या मध्यावर धाप लागली की थांबून चपलेचा पट्टा नीट करत असे. पट्टा कधीच सुटलेला नसे.

छिद्र जिथल्या तिथे होते.