सावेताच्या नावावरचा नमुना

इलिये आलुबुखाराच्या झाडावर बसलाय हे मला आधी दिसलं असतं, तर मी त्याच्या बायकोला तिच्या तपासणीचा निकाल फाटकात उभं राहून सांगितला नसता.

"सावेताबाई, जरा आत बसून बोलू या," मी म्हटलं.

"आत मुरंबा रटरटतोय. बसलीस तर ढवळायला लावीन," सावेता म्हणाली. "इथंच सांग. आणि मोठ्यानं सांग, पोरी, या कानानं मला ऐकू येत नाही."

मी आवाज चढवला. "तुमच्या दोन्ही नमुन्यांत दोष आलाय. कॅन्सर झालाय असं नाही, पण गर्भपिशवीच्या तोंडाशी पेशी बिघडल्यात की काय ते पाहायला हवं. एक विषाणू सापडलाय."

"तो कुठून आला?"

"शरीरसंबंधातून येतो."

तेवढ्यात झाडावरून टोपली पडली. टोपलीमागून शिडी पडली. शिडीमागून इलिये आला आणि खाली सांडलेल्या आलुबुखारांवरच बसला.

"कोण?" तो म्हणाला.

"काय कोण?" सावेता म्हणाली.

"कोण माणूस तो?"

मी घाईघाईनं समजावलं, की हा विषाणू वीस-वीस वर्षं अंगात गप्प बसून राहतो, कुणाकडून कुणाला कधी आला ते देवालासुद्धा सांगता येत नाही, आणि बहुतेकदा नवऱ्याकडूनच बायकोला येतो. हे शेवटचं वाक्य ऐकून सावेताचा चेहरा एकदम उजळला.

"ऐकलंस, इलिये? लष्करात असताना कोन्स्तांत्साला होतास ना? बंदर आहे म्हणे तिथं!"

मी काढता पाय घेतला. स्कोरुशेतच्या टेकड्यांत दोन ओल्तेनियन, म्हणजे आमच्या तापट प्रांतातली, माणसं भांडायला लागली की तिसऱ्यानं थांबू नये, असं माझी आईच सांगते आणि तीही ओल्तेनियन आहे.

मी ओतिलिया. डॉक्टर लेओंतिनांच्या अभ्यासात बायकांच्या मागे धावण्याचं काम माझ्याकडे होतं. आमची तपासणीची गाडी उन्हाळ्यात गावोगाव फिरली. प्रत्येक बाईचा एक नमुना डॉक्टर ब्रशनं घेत, दुसरा बाईनं स्वतःच पडद्यामागे जाऊन कापसाच्या काडीनं घ्यायचा. कुठली चाचणी जास्त अचूक, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. जिच्यात दोष निघेल तिनं पुढं आमच्या इस्पितळात यायचं आणि डॉक्टरांनी यंत्रातून नीट बघायचं. यायचं म्हणजे काय, मी आणायचं. "चाचणी कितीही अचूक असो," डॉक्टर म्हणायच्या, "बाई परत आलीच नाही तर ती अचूकता काय लोणच्यात घालायची?"

बायका येत नसत. कुणाची गाय व्यायलेली असे, कुणाची सून. एक तर मला पाहून स्वतःच्याच तळघरात लपली होती आणि तिनं नातवंडाकरवी आपण मेल्याचं कळवलं होतं.

सावेता मात्र बोलावल्याच्या आधीच हजर झाली. सोबत इलियेला ओढत आणलं होतं, रविवारचा कोट घालून.

"मला बघा," ती डॉक्टरांना म्हणाली, "आणि जे दिसेल ते या माणसाच्या तोंडावर सांगा."

डॉक्टरांनी तपासलं, नवे नमुने घेतले. पडद्याबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. काही वाईट दिसत नाही, म्हणाल्या, नमुन्यांचं उत्तर पंधरवड्यानं येईल. इलियेनं टोपी काढली. सावेतानं त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्यानं बाहेर जाऊन तिच्यासाठी गरम कोव्रिग, म्हणजे कड्यासारखा पाव, आणला, खसखस लावलेला, तिला आवडतो तसा.

पंधरवड्यानं उत्तर आलं. दोन्ही नमुने स्वच्छ.

"एक चाचणी खोटी निघाली असती तर मी समजू शकले असते," डॉक्टर कॉफी ढवळत म्हणाल्या. साखर घालायची विसरल्या होत्या. "गाडीतल्या दोन्ही खोट्या? की इस्पितळातल्या दोन्ही खोट्या?"

"प्रयोगशाळेत अदलाबदल झाली असेल."

"तेच बघितलं आधी. नाही झालेली."  त्यांनी चमचा टेबलावर ठेवला. "ओतिलिया, गाडीत सावेता कशी होती, आठवतं?"

"तुम्हीच तर तपासलीत, डॉक्टर."

"मला चेहरे आठवत नाहीत. मी तिकडं बघतच नाही." हे त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पण बाकीचं आठवतं. ज्या बाईला मूल झालं नाही तिच्या गर्भपिशवीचं तोंड टिंबासारखं गोल असतं. मूल झालं की त्याची आडवी रेघ होते. गाडीतल्या सावेताला मी थट्टेनं म्हटलेलं, तीन पोरं काढलीत आणि अजून टिंबच? शेजारणींना सांगू नका, जळतील! ती हसली नव्हती. आणि परवा इस्पितळात आलेली? चांगली रेघ. तीन वेळा हसून झालेली."

मी माझ्या यादीतलं सावेताचं पान उघडलं.

"म्हणजे चाचण्या खऱ्याच बोलल्या," डॉक्टर म्हणाल्या. "बाईच दुसरी होती. त्या बाईला वाटतंय, सावेता सुटली म्हणजे आपणही सुटलो. जा, शोध तिला."

मी स्कोरुशेतला गेले तेव्हा सावेता अंगणात लीक, म्हणजे जाड दांड्याचा पातीचा कांदा, चिरत होती. मला पाहून म्हणाली, "आता काय? माझं तर सगळं धुतल्यासारखं निघालं. इलिये आठवडाभर शेळीचं दूध काढतोय, माफी म्हणून."

"तुमचं स्वच्छ निघालं, पण गाडीतलं तोंड तुमचं नव्हतं."

"तोंड म्हणजे?"

मी तिला टिंब आणि रेघ समजावली. तिनं सुरी खाली ठेवली आणि पोट धरून हसायला लागली. "देवा रे! म्हणजे तुमच्या त्या डॉक्टरीणबाई आम्हाला तिकडूनही ओळखतात?"

"ओळखतात. म्हणून घाबरल्यात. सावेताबाई, कुणीतरी बाई आजारी आहे. आत्ता बरी होण्यासारखी आहे. असंच दोन-चार वर्षं सोडून दिलं तर सांगता येत नाही."

तिचं हसू ओसरलं. "मी तर समजले, माझं स्वच्छ निघालं म्हणजे गाडीतलं उत्तरच चुकलेलं," ती म्हणाली. लीकचे पांढरे काप हातात तसेच राहिले. मग ती कुंपणाकडे वळून ओरडली, "दोम्निका! ए दोम्निका! बदकं सोड आणि इकडं ये!"

दोम्निका म्हणजे तिची नणंद, इलियेची धाकटी बहीण. पंचेचाळिशीची, लग्न न झालेली, कुंपणापलीकडच्या घरात बदकं पाळून एकटी राहणारी. चर्चमध्ये मेणबत्त्या लावायचं काम तिचं. गावातल्या आया आपल्या मुलींना तिचं उदाहरण देत. ती आली, मला पाहिलं, आणि तिथंच खांब रोवावा तशी उभी राहिली.

"वहिनी, तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगते? तुझ्या टिंबानं सांगितलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोम्निकाला तपासणी करून घ्यायची होती, कारण तिची मावशी याच रोगानं गेली होती. पण लग्न न झालेली, मेणबत्त्या लावणारी बाई त्या गाडीत चढली असती तर अख्ख्या गावानं विचारलं असतं, हिला कशाला हवीय ही तपासणी? म्हणून भावजयीच्या नावानं, भावजयीचा रुमाल डोक्याला बांधून, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ती चढली. बदल्यात सावेताला अंडी घालणारी टर्की मिळाली.

"आणि हवीय का?" मी हळूच विचारलं. "म्हणजे, तपासणी?"

दोम्निकाचे कान लाल झाले. उत्तर सावेतानं दिलं. "विषाणू काय पवित्र पाण्यातून आला असेल? पण कोण, ते मलाही सांगत नाही ही."

दोम्निका इस्पितळात यायला तयार होईना. बसमध्ये सगळं गाव असतं, परत आल्यावर चार दिवस निजून काढावे लागले तर काय सांगायचं? तेव्हा सावेतानं एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "मीच आजारी पडते."

तिनं त्याच संध्याकाळी गावात सांगून टाकलं, की डॉक्टरांना परत शंका आलीय, आपलं छोटंसं ऑपरेशन आहे आणि नणंद सोबत येणार आहे. इलियेचा चेहरा पांढरा पडला. तो रात्रभर जागला म्हणे. मला त्याची दया आली, सावेताला आली नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी एकच अट घातली. "इथं नाव खरं सांगायचं. बाहेर तुम्ही सुलतानाची बायको म्हणून फिरा, मला काही नाही."

दोम्निकानं स्वतःचं नाव सांगितलं, तेही कुजबुजत. डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि समाधानानं हुंकार दिला. "आहे. तिथंच आहे, जिथं चाचण्यांनी सांगितलं होतं." मग जागा बधिर करून तारेच्या बारीक कडीनं बिघडलेला तेवढा तुकडा काढून टाकला. पाव तासाचं काम. त्या वेळात सावेता बाहेर बाकावर बसून रडली. मी पाणी दिलं तर म्हणाली, "सराव करतेय," आणि पुन्हा रडली.

जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी दोम्निकाला बजावलं होतं. आठवड्यानं मी बघायला गेले, तर सावेता पिसांच्या गादीवर तीन उशांना टेकून बसलेली, समोर कोंबडीचं सूप, आणि इलिये कपाळाला घाम आणून कुंपणापलीकडे मक्याचं पोतं वाहतोय.

"माझी सेवा करून ती दमलीय," सावेता खिडकीतून ओरडत होती. "तिच्या बदकांना पाणीपण घाल! दोन बादल्या!"

दोम्निका खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होती. रंग चांगला होता. मी तिला जे विचारायचं ते हळू आवाजात विचारून घेतलं.

तेवढ्यात निकानोर आला. हा मधमाश्या पाळणारा विधुर, टेकडीमागे राहणारा, गावात महिना-महिना न बोलणारा माणूस. हातात मधाची मोठी बरणी. दारात उभा राहिला, "आजारी माणसासाठी," म्हणाला, आणि एकदम त्याचे डोळे भरून आले.

"एवढं काय झालं नाही मला," सावेता म्हणाली. ती खरंच गोंधळली होती.

 निकानोर नाक पुसत उभा राहिला. इलिये पोतं टाकून आत आला, त्यानं मधाची बरणी पाहिली, बिछान्यातली बायको पाहिली, रडणारा निकानोर पाहिला. बंदराचा टोमणा ऐकून घेतलेल्या त्या माणसाच्या डोक्यात एक आणि एक मिळून अकरा झाले.

"तू!" तो गरजला. "म्हणजे तू होतास तो!"

त्यानं चुलीवरचा लाकडी डाव उचलला. निकानोर टेबलाभोवती पळाला. सावेता उशा फेकून उठली आणि आपण आजारी आहोत हे विसरून नवऱ्याच्या कोटाला लोंबकळली. मी मधाची बरणी उचलून छातीशी धरली, तेवढंच मला सुचलं. खिडकीबाहेर दोन शेजारणी आल्या, मग चार.

"दादा!" दोम्निका ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. "सोड त्याला! तो माझा आहे!"

इलियेचा हात वरच राहिला. डावातून सूप त्याच्या बाहीत गळत होतं.

"तुझा?"

"माझा. आणि आजारही माझा, ऑपरेशनही माझं. वहिनीला काही झालेलं नाही."

"कधीपासून?"

"तुझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्यापासून."

इलियेनं मनात हिशेब केला. धाकटीला स्वतःचं मूल होतं. तो हळूहळू खाली बसला, बहिणीकडे बघत. मग त्यानं विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "आता बरी आहेस ना?"

"बरी आहे, दादा."

त्यानं मान डोलावली. मग मान वळवून बायकोकडे पाहिलं, जी पळत पळत पुन्हा पांघरुणात शिरत होती. "आणि तू आठवडाभर सूप पितेस!"

"कुणीतरी प्यायला हवं होतं," सावेता म्हणाली. "नाहीतर लोकांना संशय आला असता."

मी टेकडी उतरायच्या आत शेजारणींनी बातमी गावभर नेली. पाद्र्यानं मेणबत्त्यांचं काम दुसऱ्या बाईला दिलं. ती बाई मेणबत्त्या वाकड्या लावते म्हणून महिन्याभरात दोम्निकालाच परत बोलावलं. डॉक्टर लेओंतिनांनी सावेताच्या नावावरचा नमुना अभ्यासातून वगळला. जगातला सगळ्यात अचूक निकाल आपल्याला टाकून द्यावा लागला, असं त्या पुढं कित्येक दिवस कुरकुरत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात गाडी स्कोरुशेतला गेली तेव्हा दोन विधवा आणि एक म्हातारी कुमारिका दिवसाढवळ्या आपापल्या नावानं रांगेत उभ्या होत्या आणि मागची पुढचीला विचारत होती, "तुझा कोण गं?"

दोम्निका सहा महिन्यांनी परत तपासणीला आली, मी न बोलावता. नमुना स्वच्छ निघाला. मी तिला लग्नाचं विचारलं.

"निकानोर विचारतो," ती म्हणाली. "पण त्याच्या माश्यांना मी चालत नाही आणि माझ्या बदकांना तो चालत नाही. रविवारी जेवायला येतो. आता पुढच्या दारानं येतो."