हिरवी चादर

मुलीचा फोन आला तेव्हा मी परसात कॅमेरा लावून बसलो होतो. "बाबा, आई गेली," मारिसेला म्हणाली. हृदयाच्या ऑपरेशनसाठी ती आईला राजधानीत, कीटोला घेऊन गेली होती. मी मागे राहिलो, कारण हमिंगबर्डचे फोटो काढायला दोन पाहुणे यायचे ठरले होते. मी फोन ठेवला. पाहुण्यांपैकी एकाने फुलाची फांदी थोडी डावीकडे घ्यायला सांगितली. मी घेतली.

हा पक्षी नीट उठून दिसायला मागे एकसारखा रंग लागतो. म्हणून फुलामागे हिरवी चादर धरतात. टांगली तर ती वाऱ्यावर हलते, माणसानेच ताणून धरावी लागते. अठरा वर्षं माझ्या बायकोने, एर्मेलिंदाने धरली.

"हात भरून आले रे, सेगुंदो. येतोय का तुझा पक्षी, की त्याला आमंत्रण धाडू?"

"बोलू नकोस, चादर हलते."

"एकदा माझाही काढ ना. मी काही उडून जात नाही."

"उजेड चाललाय. उद्या काढू."

तिचा पुढचा एक दात पडला होता. दुसऱ्या कुणी फोन पुढे केला की ती तोंडावर हात धरायची. मला मात्र स्वतःहून म्हणायची, तू काढ.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर पाथरवट आन्सेल्मोने मला गाठलं. "थडग्याचा दगड तयार आहे. फोटोसाठी लंबगोल खाच कोरलीय. तुला काय कमी? घरात फोटोंची रास पडलीय."

लग्नाचा फोटो इथल्या ओलीने खाल्ला. बुरशीतून माझे बूट तेवढे दिसतात.

"ओळखपत्रावरचा लावू," मारिसेला म्हणाली.

"त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते."

"हे आईच म्हणायची," ती हसली आणि मग रडायला लागली.

तीन आठवडे मी जुने फोटो बघतोय. अकरा हजारांच्या वर आहेत. जांभळ्या गळ्याचा, लांब शेपटीचा, पावसात भिजलेला. प्रत्येकाच्या मागे स्वच्छ हिरवा रंग आहे आणि त्या रंगामागे ती उभी आहे.

एक वेगळा होता. वाऱ्याने चादर तिच्या हातातून सुटली, पक्षी फुलाजवळ तसाच राहिला आणि मागे ती केस तोंडावर आलेले असताना मोकळी हसत होती, पडलेल्या दाताच्या फटीसकट. नेमकं तेव्हाच माझ्याकडून बटण दाबलं गेलं. त्याच संध्याकाळी मी तो पुसून टाकला. मागचा रंग बिघडला होता.

मारिसेला रोज फोन करून विचारते. आन्सेल्मोही दोनदा येऊन गेला. ओळखपत्र माझ्या खिशात आहे, पण मी ते त्याला दिलेलं नाही. दगडावरची खाच अजून रिकामी आहे.