सात मोजून येणारा

मित्रांनो, माझी पेटी रोज सकाळी सहा वाजता उघडायची. त्या मंगळवारी ती दुपारी उघडली, आणि उघडणारे हात शर्मिष्ठाचे नव्हते. तिचा नवरा परशुराम माझ्यासमोर बसला होता. ताप उतरत नाही म्हणून शनिवारी तो तिला इस्पितळात घेऊन गेला होता. आता तो एकटाच परत आला होता. ओसरीवर माणसे जमली होती. कोणीतरी फोनवर सांगत होते, पहाटे गेली. त्यावरून मला कळले.

परशुरामने माझ्या चारही खुंट्या सैल केल्या. गावच्या देवळात तंबोरा वाजवून झाला की त्याच्या तारा उतरवून ठेवतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. वाजवणारी गेली, आता ह्याला ताण कशाला, असे त्याच्या मनात आले असावे. शेवटची तार सैल झाली तेव्हा माझ्या पोटात टक् असा आवाज झाला. तो त्यानेही ऐकला. मग त्याने पेटी मिटली आणि कपाटात ठेवली.

मी एक जुना व्हायोला आहे. व्हायोलिन तुम्ही पाहिले असेल. मी त्याच्यासारखाच दिसतो, फक्त थोडा मोठा आणि आवाजाने जाडा. मला बनवले कोणी ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या पोटात चिकटवलेला कागद केव्हाच पुसट झाला. पहिली आठवण आहे ती गोव्यातल्या एका घराच्या भिंतीची. मला वाजवणारे म्हातारे गृहस्थ वारले आणि मी तिथे कित्येक वर्षे टांगलेला राहिलो. माझे वय शर्मिष्ठा आणि परशुराम यांच्या वयांच्या बेरजेइतके आहे, म्हणून दोघांना एकेरीत बोलतो. राग मानू नका.

शर्मिष्ठा मुंबईत व्हायोलिन शिकत होती. तिच्या वर्गात व्हायोलिन वाजवणारे सहा जण होते आणि व्हायोला एकही नव्हता. मधला आवाज कोणालाच नको असतो. वरचा आवाज लोकांच्या लक्षात राहतो, खालचा छातीत घुमतो, मधला असला तरी कळत नाही आणि नसला तर काहीतरी कमी आहे एवढेच कळते. शर्मिष्ठा म्हणाली, मी वाजवते. गोव्याला जाऊन तिने मला भिंतीवरून उतरवले.

लग्न होऊन ती तारकर्लीच्या वाटेवरच्या ह्या घरी आली तेव्हा मीही आलो. परशुराम ओरोसला सरकारी कचेरीत नोकरीला होता. रोज एसटीने जायचा, एसटीने यायचा. इथल्या खाऱ्या हवेत मला जपणे सोपे नव्हते. शर्मिष्ठा वाजवून झाल्यावर गजाला लावलेली आणि माझ्या अंगावर उडालेली राळ मऊ फडक्याने पुसायची आणि पेटीत ओल शोषायला तांदळाची पुरचुंडी ठेवायची.

मग दोन सोबती मिळाले. कुडाळचा विश्वेश चेलो वाजवायचा. चेलो म्हणजे माझा थोरला भाऊ, बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. सावंतवाडीची गौरजा पियानो वाजवायची. चेलोची पेटी माणसाएवढी असते. एकदा एसटीत कंडक्टरने विचारले की ह्यात कोण आसा. विश्वेश म्हणाला, "माझो भाव. निजलोहा, उठवू नको." साऱ्या गाडीत हशा पिकला.

गौरजाला तिचा पियानो उचलून नेता येत नसे. जिथे जाऊ तिथला पियानो, जसा असेल तसा. पियानोला आयत्या वेळी सूर बदलता येत नाही, म्हणून चेलो आणि मी आपापल्या तारा फिरवून त्याच्यापाशी जायचो. तिघांत वाजवायचे असले की कोणाला तरी असे जावे लागते.

आमचे आयुष्य फार मोठ्या सभागृहांत गेले असे समजू नका. शाळेतली शिकवणी, गोव्यातल्या चर्चची फेस्तं म्हणजे वार्षिक सण, किनाऱ्यावरच्या हॉटेलांतली लग्ने. वर्षातून चार-पाच वेळा मात्र खरा कार्यक्रम व्हायचा, पणजीला, पुण्याला, कधी मुंबईला. दुसऱ्या दिवशी कोणी कौतुक लिहिलेच तर आधी पियानोचे, मग चेलोचे. माझ्या वाट्याला 'उत्तम साथ' एवढे दोन शब्द. एकदा पुण्यात एक आजीबाई कार्यक्रमानंतर आत येऊन म्हणाल्या, मधला आवाज कोणाचा होता, तो बंद झाला की मला चुकल्यासारखे वाटत होते. शर्मिष्ठाने ही गोष्ट परशुरामला आठवडाभर रोज सांगितली.

परशुराम स्वतः एकाही कार्यक्रमाला आला नाही. त्याची आई, माई, अंथरुणाला खिळून होती आणि तिच्यापाशी कोणीतरी हवे असायचे. शर्मिष्ठा जायची, तो राहायचा. ह्यावर दोघांचे कधी भांडण झाल्याचे मला आठवत नाही. पुढे माई गेली, तरी तो आला नाही. सवय झाली होती.

त्याने ऐकला तो फक्त शर्मिष्ठाचा आणि माझा घरचा सराव; तिघांचा सराव गौरजाकडे व्हायचा. तिघांच्या संगीतात मला बराच वेळ गप्प राहावे लागते. त्या वेळी शर्मिष्ठा गज खाली धरून मोठ्याने मोजायची. एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन, तीन-दोन-तीन. पहिला आकडा आवर्तनाचा; अशी सात आवर्तने झाली की आम्ही पुन्हा सुरू. माई आतून म्हणायची, "सूनबाय पापड मोजता गो." पुढे पुढे तीही पडल्यापडल्या बरोबरीने मोजायला लागली. एखाद्या दिवशी शर्मिष्ठा सहाच मोजून सुरू झाली तर माई ओरडायची, एक ऱ्हवलो.

तर शर्मिष्ठा गेली आणि मी कपाटात पडून राहिलो. तीन महिन्यांनी, एका दुपारी, विश्वेश आणि गौरजा आले. कपाटातून मला फक्त ऐकू येत होते, बाकीचे पुढे त्यांच्या बोलण्यातून कळले. इतकी वर्षे आम्ही बाहेर वाजवले, स्वतःच्या जिल्ह्यात कधीच नाही. कुडाळचा कार्यक्रम शर्मिष्ठाने स्वतः खटपट करून ठरवला होता, चौदा डिसेंबरचा. तिची विद्यार्थिनी अक्षया आता पणजीच्या शाळेत संगीत शिकवते. शर्मिष्ठाच्या जागी वाजवायला ती तयार होती. पण ती शिकली माझ्यावरच, तिच्याकडे स्वतःचा व्हायोला नाही. मला न्यायला ते आले होते. मी गेलो नाही तर कार्यक्रम रद्द होणार होता.

परशुरामने शांतपणे सांगितले, "तो खंय जाऊचो नाय."

पेटीत राहून तो बिघडेल, असे विश्वेशने दोनदा सांगून पाहिले. परशुराम उठून चहा ठेवायला आत गेला. गौरजाने विश्वेशला खुणेने गप्प केले. घरात शिकवणीसाठीचा एक छोटा विजेचा पियानो होता. तिने आत विचारले, भावोजी, चहा होईपर्यंत वाजवू काय जरा. आत कपबशा वाजल्या, तोच त्यांनी होकार धरला.

विश्वेशने बरोबर आणलेला चेलो काढला आणि त्यांनी तो संथ तुकडा घेतला, शर्मिष्ठा रोज सकाळी वाजवायची तोच. माझी जागा त्यांनी रिकामी सोडली. थोड्या वेळाने माझ्या गप्प बसायची जागा आली. परशुरामच्या हिशेबी तिथे काहीच नव्हते, नुसते आकडे होते. आता तिथे चेलो हळूहळू वर चढत गेला आणि पियानो त्याच्या खालून पाण्यासारखा वाहिला. अख्खे गाणेच तिथे होते. परशुराम हातात गाळणे घेऊन दाराशी आला. आत दूध उतू गेले. सात झाले आणि मी यायचा होतो. मी आलो नाही. त्या दोघांनी वाजवणे थांबवले नाही, आणि दाराशी उभा असलेला परशुराम माझी ओळ गुणगुणायला लागला. सूर सगळा इकडेतिकडे होता. पण एकही मात्रा चुकली नाही, शेवटपर्यंत.

वाजवून झाल्यावर तो खाली बसला.

"त्या सात मोजण्यात ह्या सगळा होता?" त्याने विचारले.

"होय, भावोजी," गौरजा म्हणाली.

"माका वाटायचा, ती नुसती थांबता."

तो उठला, कपाट उघडले आणि माझी पेटी आणून विश्वेशच्या पुढ्यात ठेवली.

विश्वेशने मला उचलले आणि माझ्या पोटात काहीतरी घरंगळले. माझ्या आत, पोट आणि पाठ यांच्या मध्ये, बोटाएवढी एक काठी उभी असते. ती चिकटवलेली नसते. तारांचा ताण पोटावर दाबून तिला धरून ठेवतो, आणि माझा आवाज तिच्यातून जातो. चारही तारा एकदम सैल झाल्या की ती पडू शकते. त्या मंगळवारचा टक् आवाज तिचा होता.

"तारा कोणी सोडल्यान?" विश्वेशने विचारले.

"मीच. तेका आराम पडात म्हणान." परशुराम खाली बघत म्हणाला. "मोडलो?"

"मोडूक नाय, दादा. काठी पडली. पुण्याचो कारागीर उभी करतलो. पण चारय एकदम सोडूच्यो नसतत."

मित्रांनो, परशुरामवर माझा राग नाही. त्याने माझी काळजीच घेतली, फक्त वाजवणारीला कधी विचारले नव्हते की काळजी घ्यायची कशी. तुमच्या घरात एखादे वाद्य असेल तर ते बंद करून ठेवू नका, त्याला वाजते ठेवा. आणि घरात कोणी रोज काही मोजत असेल, घोकत असेल, तर एकदा त्याच्यासोबत जाऊन बसा आणि पुरे ऐका. ते माणूस आहे तोवर.

माझी पेटी आता दाराशी आहे. सोमवारी विश्वेश मला पुण्याला नेणार आहे. काठी अजून पडलेलीच आहे. कुडाळला पहिल्या रांगेतली एक खुर्ची गौरजाने परशुरामसाठी धरून ठेवली आहे. तो बघू म्हणाला. आमचा एकही कार्यक्रम त्याने अजून ऐकलेला नाही.