आवाज अवनीचा

मंदाकिनीबाईंना त्या जागेची पहिल्या दिवसापासूनच शिसारी आली होती. खराडीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कोरियन पॉपचा क्लास होता. चारही भिंतींना आरसे, कोपऱ्यात वजनकाटा. दर शनिवारी बारा-तेरा वर्षांच्या पोरींची वजनं व्हायची आणि आकडे फळ्यावर लिहिले जायचे. तीस वर्षं शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता इथं गाणं शिकवायला आलेल्या बाईंनी असलं काही पाहिलं नव्हतं.

"गाणं शिकवायचंय, की बोकड विकायचेत?" त्यांनी क्लासच्या मालकाला, दिग्विजयला विचारलं.

तो हसला. "मॅडम, गर्ल ग्रुप म्हणजे आधी लूक."

त्या तेव्हाच निघायच्या, पण अवनीमुळे थांबल्या. लोणी काळभोरहून दोन बस बदलून येणारी ही जाडसर मुलगी गाण्यात एकावर एक रचलेले चार आवाज नुसते ऐकून वेगवेगळे गाऊन दाखवायची.

"कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाय, बाई. ऐकू येत्यात ना वेगवेगळे."

ती कोरियन गाणी बाईंना पाकात बुडवलेल्या प्लास्टिकसारखी वाटायची. पण असा कान त्यांना उभ्या आयुष्यात एकदा-दोनदाच भेटला होता. वार्षिक कार्यक्रमाआधी दिग्विजयनं 'सरावाला लागेल' म्हणून अवनीचं रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा त्यांनी तीन दिवस खपून ते करून घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर पाच मुली आल्या. मधोमध सुरुची, प्रायोजकांची लेक. गाणं सुरू झालं. तोंड सुरुचीचं हलत होतं, आवाज अवनीचा होता. अवनी त्यांच्या शेजारीच बसली होती.

"बाई, ह्यो माझा आवाज ना?" तिचा चेहरा फुलला होता.

ते फुललेपण बाईंना बघवेना. गाणं संपताच त्या तडक स्टेजवर गेल्या आणि माइक हातात घेतला. "हे गाणं अवनी शितोळेनं गायलंय. ती चौथ्या रांगेत बसली आहे. टाळ्या तिला द्या."

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. सुरुची रडत आत पळाली.

विंगेत दिग्विजय शांतपणे म्हणाला, "तिच्या आईला विचारूनच केलं होतं. पुढच्या वर्षी ग्रुपमध्ये घेणार होतो. आता विसरा."

बाहेर अवनीची आई सुशीलाबाई उभ्या होत्या. "आवाज तरी घेतला व्हता पोरीचा. तुमी त्योबी घालवला."

अवनी बाईंकडे बघतही नव्हती.

बाईंनी क्लास सोडला. पण किळस सुटेना, कारण ती आता स्वतःचीही होती. सरावाला इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग कशाला हवं, ही शंका त्यांना तेव्हाच आली होती. शिष्येच्या कौतुकापायी त्यांनी ती गिळली होती.

तीन आठवड्यांनी त्या लोणीला गेल्या. "माझ्याकडे शिकायला येशील?"

"कोरियन गाणी शिकवाल?"

"शिकवीन. मला आवडत नाहीत, तरी शिकवीन."

"मग नको," अवनी म्हणाली. "नाक मुरडून शिकवलेलं गाताना कळतंय."

सुशीलाबाईंनी दिलेला चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला. अवनी स्टॉपपर्यंत सोडायला आली. बस आल्यावर म्हणाली, "रविवारी येते. पण तोंड वाकडं करायचं नाय."