तीन तुकड्यांतला राजा

कॉलेज सुरू होण्याआधी वाचायला सांगितलेला एका राजाच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ मी विकत आणून घरात ठेवला, हेच चुकलं. आमचं घर पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचं. बाबांनी तो हातात तोलला आणि म्हणाले, "एवढं एकटीने कधी वाचणार? काम वाटून घेऊ." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी शिवण उसवून त्याचे तीन भाग केलेसुद्धा. पहिला आत्याला, मधला आईला, शेवटचा स्वतःला. प्रत्येकाने आपला भाग वाचून मला सांगायचा, असं ठरलं.

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. आत्याचा राजा अजून लहान आहे, आईवेडा आहे. आईच्या राजाने धरणं बांधलीत. बाबांच्या राजाने सख्ख्या भावाला विष घातलंय.

"माझा तो असं करणारच नाही," काल आत्या ताट सारून म्हणाली.

"तुम्हीच लाडावून ठेवलंत त्याला, वन्सं," आई म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. "तो एकच माणूस आहे. माझं पुस्तक मला परत द्या, परवा कॉलेज आहे."

"तू मध्ये बोलू नकोस," बाबा म्हणाले. "तू कुठे काय वाचलंयस?"