चुकणाऱ्याची कचोरी

नात जन्मून बावीस दिवस झाले, तरी शेषरावांनी तिला मांडीवर घेतलं नव्हतं. बायको शालूबाईंनीच बंदी घातली होती.

"तोंडाले तमाखूचा वास येऊन राह्यला तुमच्या. पंधरा दिवस सोडून दाखवा, मंग पोरीले हात लावा."

सव्वा महिना झाला की लेक सुचिता बाळाला घेऊन खामगावला सासरी जाणार होती. म्हणजे उशीर करायला जागाच नव्हती.

संग्रामपूरच्या बाजारातल्या शेषरावांसह पाच मित्रांचा तंबाखू सोडण्याचा ग्रुप तसा जुनाच. सकाळी मोबाइलवर हात जोडलेलं चित्र टाकायचं आणि लगेच तंबाखू मळायला घ्यायची. या खेपेस निवृत्त मास्तर गुलाबरावांनी प्रत्येकाकडून हजार रुपये आधीच घेतले. "फुकटची शपथ कोणी पाळत नाही," ते म्हणाले. पंधरा दिवसांत जो खाईल, त्याच्या पैशांची कचोरी बाकीच्यांनी खायची. टिकेल त्याचे पैसे परत.

मोटारी दुरुस्त करणारा गुलजार पहिल्याच दुपारी घसरला. चौथ्या दिवशी खुद्द मास्तर सापडले. "चव विसरलो का, ते पाहत होतो," म्हणाले. आठवड्यात चौघं बाद झाले आणि कचोरीची चटक मात्र पाचही जणांना लागली. उरले एकटे शेषराव.

मग चौघांना एकच काम राहिलं, शेषरावांना घसरवायचं. गुलजार रोज दहा वाजता शेषरावांच्या बियाण्याच्या दुकानात यायचा, समोर बसून तंबाखू मळायचा, तळहातावर थाप द्यायचा.

"शेषरावभाऊ, नुसती दाढेत ठेवून पाहा. मास्तरले सांगत नाई."

"तूच तं पह्यले सांगशील बे!"

"कचोरीची कसम, नाई सांगत."

शेषरावांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पण गुलजारच्या डोळ्यांत त्यांना आपल्या पैशाची कचोरी आणि वर तळलेली मिरची दिसली, की जबडा आपोआप मिटायचा. शेषराव म्हणजे रुपयाच्या सुट्ट्यासाठी बस थांबवणारा माणूस.

पंधरावा दिवस पार पडला. बाजारात खरबूज हुंगावं तसं शालूबाईंनी नवऱ्याचं तोंड हुंगलं आणि नात मांडीवर दिली. नातीने पहिल्याच भेटीत धोतर ओलं केलं. शेषराव हललेसुद्धा नाहीत.

"दिवाळीले येईन, तवाही वास घेईन हं, बाबा," सुचिता म्हणाली.

दुसऱ्या सकाळी सुचिता बाळाला घेऊन बसने गेली. परत मिळालेले हजार खिशात घालून शेषरावांनी दुकान उघडलं. दहा वाजले, अकरा वाजले. गुलजार आला नाही. कोणीच आलं नाही. समोरची खुर्ची रिकामी. बाराच्या सुमारास त्यांचा हात गल्ल्यातल्या तंबाखूच्या जुन्या डबीवर गेला. झाकण उघडलंही.

ते दचकले, डबी तशीच टाकून तडक गुलजारच्या दुकानात गेले. चौघं तिथे चहा पीत बसले होते. शेषरावांनी हजार रुपये मास्तरांपुढे आपटले.

"घ्या. दिवाळीपर्यंत."

"अहो, पण काऊन?" मास्तर म्हणाले.

शेषराव गुलजारवर खेकसले, "आज काऊन आला नाई बे, तमाखू घेऊन? उद्या दहाले येळेवर येजो!"