चवीचा चमचा

शगुफ्तानं नववा चमचा मोजला.

फंक्शन हॉलच्या मागच्या अंगणात तीन चुलींवर तीन देगा चढल्या होत्या. तिच्या अब्बांनी, बावर्ची गुलाम नबींनी, जर्द्याच्या देगेचं झाकण सरकवलं, पळीनं कडेचा केशरी गोड भात वर घेतला, थोडा चमच्यात काढला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. डोळे मिटून घोळवला, गिळला. मग चिमूटभर वेलची आणि पुन्हा झाकण. जरा वेळानं दहावा.

आत बायकांच्या गर्दीत साद रडायला लागला, म्हणून ती त्याला घेऊन इकडे कडुनिंबाखाली बसली होती. आठ महिन्यांचा साद तिच्या ओढणीचं टोक चघळत आता गप्प होता. तिच्या ओठांवर मात्र आकडे होते.

चारच दिवसांपूर्वी ती अब्बांना घेऊन भैरवी मॅडमच्या दवाखान्यात गेली होती. शुगर काठावर, कोलेस्टेरॉलही काठावर. तीन महिन्यांपूर्वी होतं तिथंच. मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "तुम्ही सांगता तसं सगळं करत असाल, तर हा आकडा हलायला पाहिजे होता. अजून तीन महिने बघू. नाहीतर गोळी."

अब्बांनी मान खाली घातली होती. करत तर होते ते सगळं. फजरच्या नमाजनंतर मैदानाला पाच चकरा, ज्वारीची भाकर, बिनसाखरेचा चहा. घरी अम्मीचा पहारा होता. आणि लग्नघरी काय खाता, असं मॅडमनी विचारलं तेव्हा ते ताठ बसून म्हणाले होते, "एक घास नाही. तीस वर्षं झाली, मॅडम. देग मी पकवतो, जेवतो मात्र घरी."

ते खरंच होतं. यवतमाळात कुणालाही विचारावं. घरी परतताना रिक्षात मात्र ते हळूच बोलले होते, "गोळी सुरू झाली का बावर्ची बिमार हाय म्हणून गावभर होते. बिमार मानसाच्या हाती देग कोण देते?"

आता ती उठली, सादला कडेवर घेतलं आणि चुलीजवळ गेली.

"अब्बा, हे चमचे तुमी मॅडमले सांगतले होते का?"

"कोणते चमचे?"

"जर्द्याचेच अकरा झाले. पुलावाचे, सालनाचे मी मोजलेच नाही."

गुलाम नबींना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "अवं, ती चव होय. खानं नाही."

"पोटाले थोडंच समजते?"

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण हात थांबला. हंगामात आठवड्याला तीन लग्नं. तूप, साखर, रस्सा. ते हिशोब करत असावेत. पलीकडे कांदा चिरणारा धरमसिंगही थांबून ऐकू लागला.

"मंग अंदाजानं पकवू का? चारशे मानूस हाय आत."

"चाखून टाकून द्या."

"अन्न थुकू?" आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माह्याच्यानं नाही व्हायचं ते."

"मंग धरमसिंगभाऊले द्या चाखाले."

"त्याले?" गुलाम नबींनी तिकडे नुसतं पाहिलं. धरमसिंगनं गालातला तंबाखूचा खर्रा दुसऱ्या गालात सरकवला.

"माही जीभ तं गेली बाई कवाचीच," तो म्हणाला. "मले मीठ आन चुना एकच लागते."

गुलाम नबींनी जन्मात खर्रा, तंबाखू, विडी काही तोंडात धरलं नव्हतं. त्यांच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी तेवढंच सांगितलं होतं, जीभ सांभाळ. बाकी सगळं हाताला आपोआप येतं.

शगुफ्तानं सादला धरमसिंगकडे द्यावं की न द्यावं असा विचार केला, मग कडेवरच नीट घेतलं आणि मोकळा हात पुढे केला.

"मले द्या."

चूल फुटफुटत होती. बायका भट्टीपाशी येत नसत. कुणी येऊ नको म्हटलं होतं असंही नाही, पण येत नसत. गुलाम नबींनी इकडेतिकडे पाहिलं. मग चमचा धुतला, जर्दा काढला, नेहमीपेक्षा जास्त वेळ फुंकर घातली आणि तिच्या हातात दिला.

तिनं डोळे मिटले. त्यांच्यासारखेच.

"काय म्हनते?"

तिनं घास पुन्हा जिभेवर घोळवला.

"बोल ना. मीठ राह्यलं का चुटकीभर?"

"गोड जास्त झालं, अब्बा."

धरमसिंगची सुरी कांद्यावर भराभर चालू लागली.

"आज?" गुलाम नबींनी विचारलं.

"आजच नाही." तिनं सादच्या मुठीतून ओढणी सोडवली. "माह्या निकाहातबी असाच होता."

"दोन वर्षं झाले त्याले."

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमचा जर्दा होय, अब्बा. तुमाले कोण सांगन?"

गुलाम नबींनी वाकून चुलीतली दोन लाकडं मागे ओढली, बाजूला झाकून ठेवलेल्या बिनसाखरेच्या मोकळ्या भाताच्या दोन पराती आणल्या आणि अलगद जर्द्यात मिसळल्या. दहा मिनिटं दम दिला. पुन्हा चमचा भरला, तो थेट तिच्याकडे आला.

"आता?"

"आता घास पुढे जाते," ती म्हणाली.

त्या दिवशी जर्दा पुरला नाही. दुसऱ्यांदा मागणाऱ्यांना वाढप्यांनी हात जोडले.

पुढच्या लग्नाला तिच्यासाठी अंगणात सावलीत खुर्ची होती. गुलाम नबी चमचा घेऊन अंगण ओलांडून यायचे, उत्तर घेऊन परत जायचे. तिसऱ्या लग्नाला खुर्ची चुलीजवळ सरकली. पाचव्या लग्नाला ती उभीच होती, आणि कुणा पाहुण्यानं "पोरगी भट्टीपाशी?" असं विचारलं तेव्हा धरमसिंगच म्हणाला, "खुर्ची देऊन पाह्यली भाऊ, बसतच नाही." तिचा नवरा जीशान लोहाऱ्याला एमआयडीसीत कामाला. सुट्टीच्या दिवशी तो सादला सांभाळायचा. बाकीच्या वेळी साद त्याच्या नानीच्या, मलिकाच्या मांडीवर, नाहीतर आईच्या खांद्यावर झोपलेला.

तीन महिन्यांनी भैरवी मॅडमनी चष्मा वर केला. शुगरची सहा पॉइंट दोनची सरासरी पाच पॉइंट आठवर आली होती, कोलेस्टेरॉल दोनशेच्या खाली.

"आता खरं केलंत," मॅडम म्हणाल्या. "गोळी नको. हेच चालू ठेवा. आता एखादा चमचा चाखलात तरी चालेल."

"नाही," गुलाम नबी म्हणाले. "त्या कामाले मानूस ठेवला हाय."

शगुफ्ता खाली वाकून सादचा मोजा चढवत होती. मोजा वर आला तरी ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

गेल्या शुक्रवारी महागावचे भगवानराव घरी आले. मुलाचं लग्न होतं, रिसेप्शनला व्हेज पुलाव आणि जर्दा पाहिजे होता, सहाशे माणसांचा. मलिकानं चहा दिला. शगुफ्ता आतल्या खोलीत सादला खिमटी भरवत बसली होती.

"सतरा नाहीतर अठरा," भगवानराव म्हणाले. "हॉल दोनी दिवस खाली हाय. तुमी सांगा तारीख, म्हंजे पत्रिका छापाले टाकतो."

"थांबा, इचारून सांगतो."

"कोनाले इचारता आता? तुमी होय म्हनलं का झालं."

"मी होय म्हनून नाही होत, भाऊ." गुलाम नबींनी बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला आणि आतल्या दाराकडे तोंड केलं. "बेटा, सतरा का अठरा?"

आत भिंतीवर लसीकरणाचं कार्ड खिळ्याला लटकवलेलं होतं. शगुफ्तानं ते उलटून पाहिलं.

"अठराले सादचं इंजेक्शन हाय, अब्बा," ती आतूनच म्हणाली. "सतरा करा."

"सतरा," गुलाम नबींनी भगवानरावांना सांगितलं. "टाका छापाले."